सगळे सारखेच, मग आपण काय विचारलं?

(नामपूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी मूळचा नामपूरचाच. नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. भाषण करायची सवय नाही, म्हणून चार कागद लिहून आणले आहेत. मध्येच कागदात बघितलं तर सांभाळून घ्या.

बैठकीचा विषय ठरला तेव्हा आयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "भाई, पोरं मतदानाचं नाव काढलं की उठून जातात. म्हणतात, सगळे सारखेच." मी म्हटलं, मग मलाच बोलवा. कारण हे वाक्य मीही बरीच वर्षं बोललोय. २०१९ ला लोकसभेला मी पुण्याहून आलो नाही आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेलाही आलो नाही. अम्मीने फोन केला, "येतोस का?" मी म्हटलं, "कुणासाठी येऊ? सगळे सारखेच." रजा मिळत होती, गाडीचं तिकीटही मिळत होतं. मी आलो नाही, एवढंच. आपल्या अहिराणीत हे आणखी ठसक्यात म्हणतात, "सम्दा सारखाच शेतस." चहाच्या टपरीवर हे वाक्य टाकलं की पुढे कुणी वाद घालत नाही. म्हणूनच मला आता त्याच्यावर संशय येतो.

पण आधी हे कबूल करतो की या वाक्यात बरंच खरं आहे. ते खोटं ठरवायला मी आलेलो नाही.

२०१९ ते २०२४ ही एकच विधानसभा घ्या. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली, ते सरकार चार दिवसांत गेलं. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, सोबत राष्ट्रवादी आणि काँग्रेस. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, सोबत भाजप. २ जुलै २०२३ ला अजित पवार पुन्हा आले आणि उपमुख्यमंत्री झाले. म्हणजे मतदाराने एकदाच बटण दाबलं आणि पाच वर्षांत चारही मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत बसले. पक्षांतर केलं म्हणून कुणाची आमदारकी गेली? विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला शिवसेनेच्या प्रकरणाचा निकाल दिला, त्यात दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. हे बघून कुणी म्हणालं की चिन्हं फक्त कोटाच्या गुंड्यांसारखी बदलतात, तर त्याला मी काय उत्तर देऊ?

शेजारच्या मालेगावात या. मालेगाव मध्यचे आमदार मुफ्ती मोहम्मद इस्माईल २००९ ला जनसुराज्य शक्तीकडून निवडून आले, २०१४ ला राष्ट्रवादीकडून हरले, २०१९ ला एमआयएमकडून जिंकले. त्यांचे प्रतिस्पर्धी आसिफ शेख २०१४ ला काँग्रेसचे आमदार झाले, पुढे राष्ट्रवादीत गेले आणि २०२४ ला स्वतःचा नवा पक्ष घेऊन उभे राहिले. त्या वेळी मुफ्तीसाहेब फक्त १६२ मतांनी जिंकले. माणसं तीच, पाट्या वेगळ्या. मतदार पाटी वाचून मत देतो असं आपण समजतो. मालेगावचा मतदार बहुधा समजतच नसावा.

आता जी गोष्ट आपल्या घरात येते, ती बघू. मुस्लिम समाजाला ५ टक्के आरक्षण. जुलै २०१४ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने वटहुकूम काढला. पंधरा वर्षं सत्तेत होते, निवडणूक तीन महिन्यांवर आली तेव्हा काढला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली, पण शिक्षणातल्या ५ टक्क्यांना मुभा ठेवली. तोपर्यंत सरकार बदललं होतं. वटहुकुमाची मुदत डिसेंबरमध्ये संपली आणि नव्या युती सरकारने त्याचा कायदा केला नाही. मग २०१९ ला महाविकास आघाडी आली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेव्हाचे अल्पसंख्याक विकास मंत्री नवाब मलिक यांनी सभागृहात सांगितलं की शिक्षणातल्या ५ टक्क्यांचा कायदा आणू. काही दिवसांतच मुख्यमंत्री म्हणाले, असा प्रस्ताव अजून माझ्यापर्यंत आलेला नाही. ते सरकार जून २०२२ पर्यंत होतं. कायदा आला नाही. एकाने उशिरा दिलं, दुसऱ्याने जाऊ दिलं, तिसऱ्याने आणू म्हटलं आणि आणलं नाही. आपल्या हातात तिन्ही वेळा सारखंच आलं.

आणि २०२४ ची लोकसभा. महाराष्ट्रात ४८ जागा. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात आपण ११.५४ टक्के. महायुतीने एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही, महाविकास आघाडीनेही एकही दिला नाही. काँग्रेसच्या नसीम खान यांनी त्यावरून स्टार प्रचारकपद सोडत असल्याचं पक्षाला कळवलं, तेवढीच बातमी झाली.

तर मित्रांनो, "सगळे सारखेच" म्हणणारा माणूस आळशी किंवा अडाणी आहे असं मी मानत नाही. त्याच्याकडे पुरावा आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की ते सारखे का होतात, आणि त्यात आपला काही हात आहे का?

हॅरॉल्ड हॉटेलिंग नावाचा एक अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होता. १९२९ मध्ये त्याने एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत सांगतो. समजा एक लांब सरळ रस्ता आहे आणि त्यावर दोन कुल्फीच्या गाड्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. जो माणूस ज्या गाडीच्या जवळ, तो तिथे जातो. आता पहिल्या गाडीवाल्याला कळतं की आपण थोडं मध्याकडे सरकलो तर मागचं गिऱ्हाईक कुठे जात नाही, आणि मधलं थोडं जास्तीचं मिळतं. तो सरकतो. दुसराही सरकतो. शेवटी दोन्ही गाड्या मधोमध, एकमेकींना चिकटून. कुल्फीही तीच, भावही तोच. पुढे राज्यशास्त्राच्या लोकांनी हेच पक्षांना लावलं.

यात टोकाला राहणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय होतं बघा. त्याला लांब चालावं लागतं, पण तो जातो, कारण दुसरी गाडी त्याहून लांब आहे. म्हणून गाडीवाला त्याची फिकीर करत नाही. फिकीर करतो ती मधल्या, डळमळीत गिऱ्हाइकाची. आपला समाज बरीच वर्षं त्या टोकावरचं गिऱ्हाईक आहे. एक पक्ष म्हणतो, हे आपल्याकडे येणारच नाहीत. दुसरा म्हणतो, हे जाणार कुठे? दोघांनाही आपल्याशी बोलायची गरज पडत नाही.

इथे कुणी हुशार पोरगा विचारेल, "मग आपण जायचंच बंद केलं तर? विक्री घटली की गाडी आपल्याकडे सरकेल ना?" हा चांगला प्रश्न आहे. २०१९ ला मनातल्या मनात मी हेच गणित केलं होतं. त्याचं उत्तर मला माझ्या कामात मिळालं. आम्ही ॲप बनवतो. एखादा माणूस ॲप वापरणं बंद करतो, तेव्हा आमच्या पडद्यावर एक आकडा कमी होतो. का कमी झाला ते दिसत नाही. त्याचा मोबाईल बिघडला, त्याला राग आला, की तो गावाला गेला, सगळं एकाच रकान्यात. त्या आकड्यावरून आजवर आम्ही कुणासाठी काही दुरुस्त केलेलं मला आठवत नाही. पण एखादा वापरणारा लिहितो की अमुक बटण दाबलं की पैसे दोनदा कापले जातात, तारीख ही, वेळ ही, तेव्हा त्या तक्रारीला नंबर पडतो. ती कुणाच्या तरी नावावर चढते. ती बंद करायची तर उत्तर द्यावं लागतं.

मतदार यादीतही तसंच आहे. मी २०१९ ला आलो नाही. माझ्या नावापुढे जे लिहिलं गेलं तेच त्या दिवशी दवाखान्यात असलेल्या माणसापुढे लिहिलं गेलं, आणि ज्याचं नाव मरूनही यादीत राहिलंय त्याच्यापुढेही. माझा निषेध कुणाला वाचता आला नाही. नोटाचंही थोडं असंच. नोटाचं बटण सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने आलं, हक्क म्हणून ते महत्त्वाचं आहे. पण २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होतं, २७,५०० मतं. आमदार व्हायचा तो झालाच. एवढ्या लोकांना नेमकं काय हवं होतं, ते त्या बटणाने सांगितलं नाही.

आता आपल्याच भागातली दोन मतदानं शेजारी ठेवून बघू. एक कांद्याचं आणि एक आपलं.

कांद्याच्या बाबतीतही शेतकरी "सगळे सारखेच" म्हणतो आणि त्याचंही खरं आहे. डिसेंबर २०१० मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा दिल्लीत काँग्रेस आघाडी होती. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्ये आली तेव्हा भाजप. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आणि ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा पूर्ण बंदी. शहरातलं गिऱ्हाईक नाराज व्हायला नको, म्हणून दोन्ही गाड्या मध्यावर. नामपूरच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस टोकावर.

पण कांदेवाल्याने एक गोष्ट केली. त्याची मागणी एका ओळीची होती आणि सगळ्यांना पाठ होती, "निर्यात खुली करा." लिलाव बंद पडले तेव्हा तीच, रास्ता रोकोत तीच, प्रचाराला आलेल्या उमेदवाराला अडवून विचारलं तेव्हाही तीच. ४ मे २०२४ ला, निवडणूक चालू असताना, सरकारने बंदी उठवली, पण ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यात मूल्याची अट ठेवून. २० मे ला नाशिक, दिंडोरी आणि आपल्या धुळे मतदारसंघात मतदान झालं. कांद्याचं आगर असलेल्या दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार एक लाखाहून जास्त मतांनी हरल्या. सत्तेतल्या नेत्यांनीच मग कबूल केलं की कांद्याने फटका दिला. १३ सप्टेंबरला, विधानसभेच्या तोंडावर, किमान मूल्याची अट निघाली आणि शुल्क निम्म्यावर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. आणि नोव्हेंबर २०२४ ला नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला मिळाल्या. त्याला लाडकी बहीण आणि इतर कारणंही होती, सगळं श्रेय कांद्याला देऊ नका. कांद्याचे सगळे प्रश्न सुटले असंही नाही, भाव पडला की काय होतं ते तुमच्या घरात तुम्हाला दिसतं. तरी घडलं ते असं: जो मतदार सरकू शकतो आणि का सरकतोय ते सांगतो, त्याच्यासाठी गाडी सरकली.

आता आपलं मत. धुळे लोकसभा म्हणजे धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडा, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि आपलं बागलाण. २०२४ ला काँग्रेसच्या शोभा बच्छाव भाजपच्या सुभाष भामरे यांच्यापेक्षा ३,८३१ मतांनी पुढे राहिल्या. पाच विधानसभा क्षेत्रांत भामरे पुढे होते, बागलाणमध्येही. एकट्या मालेगाव मध्यने बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि निकाल फिरला. त्या मे महिन्यात मी मात्र आलो होतो. रात्रीच्या गाडीने आलो, मत दिलं, दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत. निकाल लागला तेव्हा मालेगावातल्या माझ्या मावसभावाने मिठाईचा फोटो पाठवला.

पुढे विधानसभेच्या प्रचारात देवेंद्र फडणवीस यांच्यासह भाजपच्या नेत्यांनी याच धुळ्याचं उदाहरण देऊन "व्होट जिहाद" हा शब्द वापरला. रांगेत उभं राहून, बोटाला शाई लावून दिलेल्या मताला हे नाव मिळालं, याचं दुःख मला आहे आणि ते मी इथे लपवणार नाही. एखाद्या गावाने, एखाद्या जातीने एकगठ्ठा मतदान केलं तर त्याला कुणी असं नाव देत नाही.

पण दुसरा प्रश्न मी आपल्याच लोकांना विचारला. मावसभावाला विचारलं, "एवढी मतं दिली, त्यासोबत काय मागितलं होतं?" तो म्हणाला, "मागायचं काय? संविधान वाचवायचं होतं." मी त्या उत्तराची चेष्टा करणार नाही. घर सुरक्षित राहावं, नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह लागू नये म्हणून मत देणं हा पूर्ण हक्क आहे, आणि ज्याला भीती वाटते त्याला अशा वेळी दोन पक्ष सारखे वाटतही नाहीत. पण निवडणूक झाल्यावर त्या मताचा हिशेब कसा मागायचा? कांदेवाला सप्टेंबरमध्ये विचारू शकला, "शुल्क किती कमी केलं?" आपण काय विचारणार, "संविधान किती वाचवलं?" आपल्या मागणीत आकडा नव्हता, तारीख नव्हती, कार्यालयाचं नाव नव्हतं. त्यामुळे मत घेणाऱ्यावर काही देणं लागलं नाही.

मी स्वतः हे कुठे शिकलो ते सांगतो. आम्ही पिंजारी. अब्बा गाद्या-रजया भरतात, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात त्यांच्या हातची गादी असेल. पिंजारी महाराष्ट्रात ओबीसीत येतात. बारावीनंतर इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा तेव्हा मला जातीचा दाखला हवा होता. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. घरातल्या जुन्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द होता, मुसलमान. तुमच्यातही बऱ्याच बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन घरांत हाच शब्द असेल.

अब्बा मला घेऊन तीन पक्षांच्या तीन माणसांकडे गेले. तिघांनी बसवलं, तिघांनी चहा पाजला, तिघांनी अब्बांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "चाचा, करून टाकू." प्रवेशाची तारीख निघून गेली. मी खुल्या गटातून पूर्ण फी भरून शिकलो. ते कर्ज अब्बांनी गाद्या भरून आणि मी पहिल्या चार वर्षांच्या पगारातून फेडलं. मला वाटतं, माझं "सगळे सारखेच" त्या तीन चहांपासून सुरू झालं.

सहा-सात वर्षांनी माझ्या चुलत बहिणीची वेळ आली. तेव्हा गावातले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "एकाच कागदावर अडून बसू नका." त्यांनी आजोबांच्या भावाचं जुनं खरेदीखत शोधायला लावलं, त्यात धंदा आणि जात दोन्ही लिहिलेली निघाली. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची नक्कल काढायला लावली. अर्ज लेखी केला, पोच घेतली. तिला दाखला मिळाला. आज ती फार्मसीत आहे. त्या शिक्षकांच्या पक्षाचं नाव मला अजूनही माहीत नाही.

नंतर मला कळलं की हा दाखला मिळण्याची सोयही कुणी आयती दिलेली नव्हती. जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या साथीदारांनी मुस्लिम ओबीसींची संघटना उभी केली. दिलीपकुमारसारखा माणूस त्यांच्या सभांना जायचा. त्यांचं म्हणणं नेमकं होतं: मुसलमानांत पिंजारी, बागवान, अन्सारी, कुरेशी अशा व्यवसायाच्या जाती आहेत, हिंदू ओबीसींना मिळतं ते यांनाही मिळावं, आणि दाखल्यावर धर्म बघून अडवू नये. १९९४ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना तसा शासन निर्णय झाला. आता गंमत बघा. १९९५ ला युतीचं सरकार आलं, १९९९ ला आघाडी, २०१४ ला पुन्हा युती, मग ते सगळं फोडाफोडीचं नाट्य. ती सवलत टिकून आहे. आणि ज्या वटहुकुमावर आपण सगळे टाळ्या वाजवत होतो, तो सहा महिने टिकला नाही. एकामागे वर्षानुवर्षं मागणी करणारी माणसं होती, दुसरा निवडणुकीच्या तोंडावर वरून आला.

हे ध्यानात घेऊन पुन्हा बघा, पक्ष खरंच सगळीकडे सारखे आहेत का? लांबून बघितलं तर सारखे. जवळून बघितलं तर फरक दिसतात, आणि ते आपल्याला वाटतात त्याच बाजूला असतात असंही नाही. सच्चर समितीचा अहवाल २००६ ला आला, त्यानंतर केंद्राने अल्पसंख्याक मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू केली. पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला हजार रुपये. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीसाठी ती बंद केली. ज्या घरात तीन मुलं शाळेत आहेत, त्या घराला सरकार-सरकारमधला फरक रुपयांत मोजता येतो. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये महायुतीच्याच मंत्रिमंडळाने मदरशांतल्या डीएड शिक्षकांचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार आणि बीएडवाल्यांचं ८ हजारांवरून १८ हजार केलं, मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळाचं भागभांडवल ७०० कोटींवरून १,००० कोटी करायचं ठरवलं. निवडणूक जवळ होती म्हणून केलं? असेलही. निवडणूक म्हणजे गाडीवाल्याचे कान उघडे असण्याचा काळ. आपण त्या काळात बोललो नाही तर तो दुसऱ्या कुणाचं तरी ऐकेल.

तर मला म्हणायचंय ते एवढंच. प्रश्न ढोबळ असला की सगळे सारखंच उत्तर देतात. "आमच्या समाजाकडे लक्ष द्या" म्हटलं की चारही पक्ष "देऊ" म्हणतात, आणि चहा येतो. प्रश्न बारीक केला, कागदावर आणला, त्याला तारीख घातली, की उत्तरं वेगळी व्हायला लागतात. कुणी सही करतो, कुणी टाळतो, कुणी म्हणतो हे माझ्या हातात नाही, त्याच्या हातात आहे. तेवढं कळलं तरी मत द्यायला आधार मिळतो.

नामपुरात आपण काय करायचं? मी तीन कामं सुचवतो. पटली तर करा.

पहिलं, नावं. या खोलीत अठरा ते पंचवीस वयाचे किती जण यादीत आहेत, हे आजच निघताना लिहून घेऊ. आता वर्षातून चार तारखांना, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला, अठरा पूर्ण झालेल्यांची नोंद होऊ शकते. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला किंवा दुरुस्ती असेल तर नमुना ८. लग्न होऊन आलेल्या मुलींची नावं हमखास माहेरीच राहतात, त्यांची आधी तपासा. मालेगाव मध्यला १६२ मतांनी आमदार ठरला, हे डोक्यात ठेवा.

दुसरं, ग्रामसभा. गावच्या यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यात जे कमी असेल ते. शंभर म्हणजे किती? आज इथे आहेत त्याच्या दुप्पट. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्हही नसतं, तेव्हा "सगळे पक्ष सारखेच" हे कारणही तिथे चालत नाही. विषय लेखी द्या, इतिवृत्तात आला का ते बघा, नाही आला तर माहिती अधिकारात नक्कल मागा. आणि फक्त कब्रस्तानच्या भिंतीचा विषय घेऊन जाऊ नका. गटार, पाणी, शाळेच्या खोल्या, आदिवासी वस्तीचा रस्ता यावरही बोला. आपण गावाचे आहोत हे गावाला भाषणातून कळत नाही, अशा वेळी कळतं.

तिसरं, एक पान. फक्त एक. त्यावर पाचपेक्षा जास्त मागण्या नकोत. माझ्याकडून एक घ्या: मुस्लिम ओबीसींच्या जात दाखल्यांसाठी नामपुरात वर्षातून दोनदा, दहावी-बारावीच्या निकालाआधी, शिबिर. खाली उमेदवाराच्या सहीची जागा आणि तारीख. जो कुणी मत मागायला येईल, कुठल्याही चिन्हाचा, त्याला ते पान द्यायचं. ज्याने सही केली त्याचं नाव, ज्याने नाही केली त्याचंही नाव, दोन्ही मशिदीबाहेर आणि चावडीजवळ लावायचं. वर्षाने त्याच पानावर पुन्हा खूण करायची, झालं की नाही झालं.

याने सरकार पडणार नाही, मला माहीत आहे. बागलाणमध्ये २०२४ ला भाजपचे दिलीप बोरसे सव्वा लाखाहून जास्त मतांनी जिंकले. इथे आपल्या दोन-चार हजार मतांनी निकाल फिरत नाही. पण आमदार कुणीही झाला तरी दाखला तहसीलच्याच प्रक्रियेतून मिळतो, आणि शिबिर लावा हे कुठल्याही पक्षाच्या आमदाराला सांगता येतं. ज्याला आपण मत दिलं नाही, तोही आपलाच आमदार असतो. त्याच्या दारात कागद घेऊन जायला लाजू नका, घाबरू नका.

परवा अब्बांना सांगितलं की मी मतदानावर बोलणार आहे. ते रजईला टाके घालत होते. म्हणाले, "पोरांना मत द्या म्हणून सांगू नकोस, ते ऐकणार नाहीत. त्यांना विचार, त्यांच्या घरात कुणाचा कागद अडलाय." मी तेच विचारतो आणि थांबतो. माझ्याकडे वही आहे. तुमच्या घरात कुणाचा कोणता कागद, कुठल्या टेबलावर, कधीपासून अडलाय, निघताना लिहून जा. आपलं पहिलं पान त्यातूनच तयार करू.